लॉयटरिंग म्युनिशन

लॉयटरिंग म्युनिशन हे लक्ष्याच्या परिसरावर काही काळ घिरट्या घालणारे आणि लक्ष्य सापडताच त्यावर झेपावून स्वतःसह स्फोट घडवणारे मानवरहित हवाई अस्त्र होय. मराठी वृत्तपत्रांत त्याचा उल्लेख बहुधा 'आत्मघाती ड्रोन' किंवा 'कामिकाझे ड्रोन' असा केला जातो. दुसऱ्या महायुद्धात शत्रूच्या जहाजांवर विमानासह आदळणाऱ्या जपानी वैमानिकांवरून 'कामिकाझे' हे नाव रूढ झाले. प्रस्तुत अस्त्रात माणूस नसल्याने 'आत्मघात' हा शब्द मात्र केवळ आलंकारिक अर्थानेच लागू पडतो.

तोफगोळा किंवा पारंपरिक क्षेपणास्त्र डागण्यापूर्वी लक्ष्य सामान्यतः निश्चित झालेले असते. लॉयटरिंग म्युनिशनच्या बाबतीत हा क्रम उलटतो. अस्त्र आधी सोडले जाते आणि लक्ष्य नंतर ठरते. या अस्त्राचे लष्करी महत्त्व आणि त्याविषयीचे कायदेशीर वाद या दोहोंचे मूळ क्रमातील या बदलात आहे.

स्वरूप आणि कार्यपद्धती

हे अस्त्र ड्रोन आणि क्षेपणास्त्र यांच्या सीमारेषेवर आहे. टेहळणी ड्रोनप्रमाणे ते आकाशात राहून शोध घेते, तर क्षेपणास्त्राप्रमाणे ते एकदाच वापरले जाते. पंख असलेला हलका सांगाडा, विजेवर किंवा इंधनावर चालणारे इंजिन, कॅमेरा किंवा अन्य संवेदक आणि स्फोटके हे त्याचे मुख्य भाग होत. ते नळीतून, वाहनावरील पेटीतून किंवा उतरत्या रुळावरून सोडले जाते.

आकार आणि क्षमता यांत मोठी तफावत आढळते. अमेरिकेचे 'स्विचब्लेड ३००' सैनिकाच्या पाठपिशवीत मावते आणि सुमारे १५ मिनिटे उडते. इस्रायलचे 'हॅरोप' अनेक तास हवेत राहू शकते.

नियंत्रणाच्या दृष्टीने तीन प्रकार संभवतात. पहिल्या प्रकारात संचालक कॅमेऱ्यातून दृश्य पाहून लक्ष्य निवडतो. काही अस्त्रांत अखेरच्या क्षणी हल्ला रद्द करण्याचीही सोय असते. दुसऱ्या प्रकारात अस्त्र शत्रूच्या रडारमधून निघणाऱ्या लहरींचा माग काढत स्वतःच लक्ष्यावर जाते. तिसऱ्या प्रकारात ते आधी भरून दिलेल्या स्थळाकडे उडत जाते. हा तिसरा प्रकार घिरट्या घालत नसल्यामुळे काही अभ्यासक त्याला स्वस्त क्रूझ क्षेपणास्त्र मानतात. इराणच्या 'शाहेद-१३६'विषयी हा मतभेद विशेषत्वाने आढळतो.

उगम

या अस्त्राची कल्पना १९८० च्या दशकात हवाई संरक्षण यंत्रणा निकामी करण्याच्या गरजेतून पुढे आली. रडारच्या लहरींवर नेम धरणारी क्षेपणास्त्रे त्यापूर्वीच वापरात होती. त्यांच्यावर रडारचालकांनी सोपा उपाय शोधला होता. क्षेपणास्त्र येत असल्याची चाहूल लागताच रडार बंद केले की त्याचा माग चुकण्याची शक्यता वाढे. घिरट्या घालणाऱ्या अस्त्राने हा उपाय निष्प्रभ केला. ते वर असेपर्यंत रडार सुरू करणे धोक्याचे, आणि बंद ठेवले तर आकाश शत्रूच्या विमानांना मोकळे. अशा प्रकारे स्फोट न होताही अस्त्राचे काम साधते.

अमेरिकेचा 'टॅसिट रेनबो' हा प्रकल्प याच हेतूने सुरू झाला, परंतु १९९१ मध्ये तो रद्द करण्यात आला. इस्रायल एरोस्पेस इंडस्ट्रीजचे 'हार्पी' मात्र यशस्वी ठरले आणि चीन, भारत, तुर्कस्तान, दक्षिण कोरिया इत्यादी देशांनी ते खरेदी केले. त्याच्या पुढच्या आवृत्तीत, म्हणजे 'हॅरोप'मध्ये, कॅमेरा बसवल्याने रडारखेरीज अन्य लक्ष्येही टिपणे शक्य झाले.

युद्धांतील वापर

अमेरिकी सैन्याने २०१२ च्या सुमारास अफगाणिस्तानात स्विचब्लेड वापरण्यास प्रारंभ केला. एप्रिल २०१६ मध्ये नागोर्नो-काराबाखमधील चकमकींत अझरबैजानने हॅरोपचा वापर केला. त्याच प्रदेशात २७ सप्टेंबर ते १० नोव्हेंबर २०२० या ४४ दिवसांच्या युद्धाने या अस्त्राकडे जगाचे लक्ष वेधले. अझरबैजानने 'अँतोनोव्ह-२' ही जुनी विमाने वैमानिकाविना उडवून आर्मेनियाच्या हवाई संरक्षणाला डिवचले. अशा प्रकारे उघड झालेल्या ठिकाणांवर मग ड्रोन आणि लॉयटरिंग म्युनिशन यांचे हल्ले झाले. या विजयाचे सर्व श्रेय केवळ या अस्त्राला देणे मात्र योग्य नाही. 'बायरक्तार टीबी-२' हे सशस्त्र ड्रोन, तोफखाना आणि पायदळाची चढाई यांचाही त्यात मोठा वाटा होता.

युक्रेन युद्धात या अस्त्राची दोन भिन्न रूपे दिसतात. रशियाचे 'लॅन्सेट' आघाडीवरील तोफा, रडार आणि रणगाडे यांवर वापरले जाते. सप्टेंबर २०२२ पासून वापरात आलेले शाहेद-१३६, ज्याला रशियात 'गेरान-२' म्हणतात, प्रामुख्याने आघाडीपासून दूर असलेली शहरे आणि वीजकेंद्रे यांवर सोडले जाते. पुढे रशियाने तातारस्तानातील येलाबुगा येथे त्याचे उत्पादन सुरू केले. ७ सप्टेंबर २०२५ च्या रात्री रशियाने ८१० ड्रोन सोडल्याचे युक्रेनच्या हवाई दलाने सांगितले. या संख्येत स्फोटके नसलेल्या, केवळ फसवणुकीसाठी सोडलेल्या ड्रोनचाही समावेश होता.

आर्थिक परिणाम

शाहेदची किंमत काही दहा हजार डॉलर असल्याचे विविध अंदाज सांगतात, तर पॅट्रियट यंत्रणेच्या एका आधुनिक क्षेपणास्त्राची किंमत काही दशलक्ष डॉलरच्या घरात जाते. त्यामुळे पाडले गेलेले अस्त्रही वाया जात नाही, कारण ते प्रतिपक्षाचा मर्यादित साठा खर्ची पाडते. १३ व १४ एप्रिल २०२४ रोजी इराणने इस्रायलवर केलेल्या हल्ल्यात ड्रोनसोबत क्रूझ आणि बॅलिस्टिक क्षेपणास्त्रेही होती. त्यांपैकी बहुतेक सर्व अस्त्रे वाटेतच पाडण्यात आली, तथापि त्यासाठी अनेक देशांची विमाने आणि महागडी क्षेपणास्त्रे कामी लावावी लागली.

केवळ एका अस्त्राच्या किमतीची दुसऱ्याशी तुलना करणे मात्र अपुरे आहे. ज्या वीजकेंद्राचे किंवा वस्तीचे रक्षण होते, तिचे मोल क्षेपणास्त्रापेक्षा अधिक असू शकते. खरा प्रश्न साठा कोणाचा आधी संपतो, हा असतो. म्हणूनच युक्रेनने वाहनांवरील मशीनगन, आवाजावरून ड्रोनचा मार्ग ओळखणारी संवेदकांची जाळी, जॅमिंग आणि ड्रोन पाडणारे स्वस्त ड्रोन असे थरावर थर उभे केले. आघाडीवर रणगाड्यांवरील लोखंडी पिंजरे आणि रस्त्यांवर ताणलेली जाळी हे साधे उपायही रूढ झाले.

भारत

भारतीय हवाई दलाकडे हार्पी आणि हॅरोप ही अस्त्रे आहेत. इस्रायलच्या एल्बिट कंपनीचे 'स्कायस्ट्रायकर' बंगळूर येथील अल्फा डिझाइन टेक्नॉलॉजीज या कंपनीच्या भागीदारीत भारतात तयार होते. नागपूर येथील सोलर इंडस्ट्रीज समूहातील इकॉनॉमिक एक्स्प्लोझिव्हज लिमिटेड या कंपनीने विकसित केलेल्या 'नागास्त्र-१'ची १२० अस्त्रांची पहिली तुकडी जून २०२४ मध्ये भारतीय सैन्याला मिळाली. सुमारे ९ किलोग्रॅम वजनाचे हे अस्त्र सुमारे ३० मिनिटे उडते. लक्ष्य न सापडल्यास ते हवाई छत्रीच्या साहाय्याने परत उतरवून पुन्हा वापरता येते.

मे २०२५ मधील 'ऑपरेशन सिंदूर'च्या काळात पाकिस्तानातील हवाई संरक्षणाची रडारे लक्ष्य केल्याचे भारत सरकारने ८ मे रोजी जाहीर केले. या मोहिमेत लॉयटरिंग म्युनिशन वापरल्याचा उल्लेख नंतरच्या शासकीय माहितीत आहे. भारताची हॅरोप पाडल्याचा दावा पाकिस्तानी लष्कराने केला. या संघर्षातून एक गंभीर प्रश्न पुढे आला. वैमानिक मारला जाण्याचा किंवा कैद होण्याचा धोका नसल्याने हल्ल्याचा निर्णय घेणे सोपे होते, परंतु हल्ला झालेला देश त्याला सौम्य मानेलच असे नाही. दोन्ही देश अण्वस्त्रधारी असल्याने हा फरक महत्त्वाचा ठरतो.

नागरिकांची सुरक्षा आणि कायदा

लढणारे आणि नागरिक यांत भेद करणे, अपेक्षित लष्करी लाभाच्या मानाने नागरी हानी अवाजवी न होऊ देणे आणि हल्ल्यापूर्वी शक्य ती खबरदारी घेणे ही युद्धविषयक कायद्याची मूलतत्त्वे आहेत. समोरचे दृश्य थेट दिसत असल्याने या अस्त्रामुळे नागरी हानी कमी होते, असे समर्थक म्हणतात. प्रत्यक्ष अनुभव संमिश्र आहे. जानेवारी २०२५ मध्ये युक्रेनमधील नागरिकांच्या मृत्यूंना व जखमांना कमी पल्ल्याचे ड्रोन इतर कोणत्याही शस्त्रापेक्षा अधिक कारणीभूत ठरले, अशी नोंद संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार निरीक्षण पथकाने केली. या ड्रोनच्या संचालकांनाही कॅमेऱ्यातून लक्ष्य दिसत असते. स्पष्ट दिसणे आणि संयम पाळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे यावरून दिसून येते.

दुसरा वाद स्वयंचलनाचा आहे. जॅमिंगमुळे संचालक आणि अस्त्र यांचा संपर्क तुटू लागला, तेव्हा निर्मात्यांनी दोन मार्ग अवलंबले. काही ड्रोनना प्रकाशतंतूची बारीक तार जोडण्यात आली, तर काहींत लक्ष्य ओळखणारी संगणकप्रणाली बसवण्यात आली. दुसऱ्या मार्गाने संपर्क तुटल्यानंतरही हल्ला पूर्ण होऊ शकतो. लीबियातील संघर्षाविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञगटाने २०२१ च्या अहवालात तुर्की बनावटीच्या 'कार्गू-२'चा उल्लेख याच संदर्भात केला. मात्र त्याने मानवी आदेशाविना कोणाला ठार केले, असे त्या अहवालात स्पष्टपणे म्हटलेले नाही.

स्वयंचलित प्राणघातक शस्त्रांविषयीचा ठराव संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने डिसेंबर २०२३ मध्ये १५२ विरुद्ध ४ मतांनी संमत केला. विरोधात मत देणाऱ्यांत रशियासह भारतही होता. ही चर्चा विशिष्ट पारंपरिक शस्त्रांविषयीच्या १९८० च्या कराराच्या चौकटीतच व्हावी, अशी भारताची भूमिका आहे. या शस्त्रांवर बंधनकारक मर्यादा घालणारा स्वतंत्र करार अद्याप अस्तित्वात नाही. तोफ डागणाऱ्याने लक्ष्य आधी निवडलेले असते, म्हणून जबाबदारी कोणाची हे ठरवता येते. अस्त्र सोडल्यानंतर लक्ष्याची निवड यंत्राने केली, तर चुकीच्या हल्ल्याचा जाब ते सोडणाऱ्या सैनिकाला, आदेश देणाऱ्या अधिकाऱ्याला की प्रणाली तयार करणाऱ्या कंपनीला विचारावा, हा या चर्चेतील कळीचा मुद्दा आहे.