बिनतारी कंट्रोलरची घरगुती परीक्षा

गेवराई तालुक्यांतील एका वडीलधाऱ्या वाचकांनीं आम्हांस पत्रानें एक शंका विचारली आहे. त्यांनीं नातवास दिवाळींत खेळाचा बिनतारी कंट्रोलर घेऊन दिला. होळीच्या सुमारास पडद्यावरील गडी कोणी हात न लावतां आपोआप डावीकडे चालूं लागला. घरांतील मोठी मंडळी म्हणतात, पोरानें आदळआपट करून वस्तु बिघडविली. पोर म्हणतें, मीं ती एकदांही पाडली नाहीं. खरें कोणाचें मानावें? प्रश्न खेळण्याचा दिसला तरी वस्तुतः तो न्यायाचा आहे. कारण येथें एका मुलाच्या शब्दाची किंमत ठरावयाची आहे. सबब ह्या महिन्याचें प्रकरण आम्ही त्यासच देत आहों.

प्रथम वस्तूची ओळख करून घेऊं. व्हिडिओ गेम खेळतांना दोन्ही हातांत धरावयाचें जें बटणांचें साधन, तो कंट्रोलर. सोनी, मायक्रोसॉफ्ट व निंटेंडो ह्या कंपन्या आपापल्या यंत्रांकरितां स्वतःचे कंट्रोलर काढतात. त्यांखेरीज इतरांनीं काढलेले ते त्रयस्थ कंट्रोलर. मूळ कंपनीचा माल साधारणतः पांच-सहा हजार रुपयांच्या घरांत जातो, त्रयस्थ दीड-दोन हजारांतही मिळतो. म्हणून बेताच्या मिळकतीच्या घरीं तोच घेण्याकडे कल असतो. त्रयस्थ म्हणजे निकृष्ट, असें मात्र समजूं नये. एटबिटडो, गुलीकिट, गेमसर ह्या चीनकडील कंपन्या, किंवा आपल्या पुण्याची कॉस्मिक बाइट, ह्या स्वतःच्या नांवानें माल विकतात. बरेंवाईट झाल्यास जाब विचारावयास तें नांव तरी असतें. खरा धोका आहे तो दुसऱ्याच कंपनीचें चिन्ह छापून विकलेल्या नकलेचा. त्रयस्थ निराळा व तोतया निराळा, हें पेशवाईचा इतिहास वाचलेल्यांस अधिक सांगणें नको.

आतां मुख्य मुद्दा. कंट्रोलरवर अंगठ्यानें कलवावयाच्या दोन आंखूड दांड्या असतात. त्यांस स्टिक म्हणतात. बहुतेक कंट्रोलरांत स्टिकच्या खालीं कार्बनची पट्टी व तिजवर घासणारा धातूचा स्पर्शक असतो. स्पर्शक पट्टीवर कोठें टेकला आहे, त्यावरून स्टिक किती कलली तें यंत्रास कळतें. जुन्या रेडिओचें आवाज कमीजास्त करण्याचें बटण कांहीं वर्षांनीं फिरवतांना खरखर करूं लागे, हें घरांतील वृद्धांस आठवत असेल. त्याच जातीची ही रचना. पट्टी झिजली किंवा तींत धूळ शिरली, कीं स्टिक सरळ उभी असतांही ती कलली आहे असा खोटा निरोप यंत्रास जातो. ह्या दोषास ड्रिफ्ट म्हणतात. तो निव्वळ वापरानेंही येतो, व मूळ कंपन्यांचा मालही त्यांतून सुटलेला नाहीं. निंटेंडोच्या २०१७ सालीं निघालेल्या स्विच यंत्राच्या कंट्रोलरांबद्दल अमेरिकेंत ग्राहकांनीं दावे लाविले, ते ह्याच दोषापायीं.

म्हणजे ‘ज्या अर्थीं ड्रिफ्ट आहे, त्या अर्थीं पोरानें आपटला’ हें अनुमान टिकत नाहीं. न्यायशास्त्राच्या भाषेंत हा हेतु सव्यभिचार ठरतो. कारण जेथें आपटणें नाहीं तेथेंही ड्रिफ्ट आढळतो. कवचास भेग नाहीं, कोपरे घासलेले नाहींत, आंत कांहीं खुळखुळत नाहीं, असें असेल तर वडिलांनीं मुलाचेंच म्हणणें खरें धरावें, असें आमचें स्पष्ट मत आहे.

ह्या दोषावर एक तोड निघाली आहे. एडविन हॉल ह्या अमेरिकन पदार्थवैज्ञानिकानें १८७९ सालीं असें दाखविलें कीं, चुंबकाच्या क्षेत्रांत ठेविलेल्या वाहकांतून प्रवाह सोडला असतां त्या प्रवाहास आडवा असा विद्युद्दाब उत्पन्न होतो. ह्या तत्त्वावरील स्टिकमध्यें चुंबक हालतो व संवेदक त्याचें स्थान दुरूनच ओळखतो. घासणारें कांहीं नसल्यामुळें झिजणारी पट्टीही नसते. सेगा कंपनीच्या १९९८ च्या ड्रीमकास्ट यंत्राच्या कंट्रोलरांत ही युक्ति होतीच. आतां ती स्वस्त त्रयस्थ मालांतही येऊं लागली आहे. खोक्यावर ‘हॉल इफेक्ट’ किंवा त्याहून नवीन अशा ‘टीएमआर’ जातीच्या स्टिकचा उल्लेख असल्यास ती जमेची बाजू समजावी. आमच्या भागांत वैशाखांतील धुळीचा विचार करितां ही बाजू लहान नव्हे. तथापि हॉलची स्टिक असूनही स्प्रिंग हलकी किंवा जुळणी ओबडधोबड असूं शकते. सबब नांवावर भुलूं नये.

मग विश्वास कशावर ठेवावा? दुकानाच्या पानावरील ताऱ्यांवर व स्तुतिपर अभिप्रायांवर कित्येक गृहस्थ विसंबतात. हें शब्दप्रमाण होय. पण शब्द प्रमाण होण्यास बोलणारा जाणता व निःस्पृह असावा लागतो. खोकें उघडल्याच्या दिवशीं लिहिलेला अभिप्राय रंगाविषयीं बोलेल, टिकाऊपणाविषयीं त्यास काय ठाऊक? तीन-चार महिन्यांच्या वापरानंतर लिहिलेले अभिप्राय तेवढे वाचावे, आणि एकच तक्रार अनेकांच्या तोंडीं येते काय तें पाहावें.

त्यापुढें प्रत्यक्षाचा आश्रय करावा. विक्रेत्याची परतीची मुदत बहुधा सात ते दहा दिवसांची असते. परीक्षा तेवढ्या अवधींत पुरी झाली पाहिजे. विंडोज संगणकांत कंट्रोलर तपासण्याची एक खिडकी मुळांतच असते. ती घरांतील मुलें क्षणांत उघडून देतील. स्टिकला हात न लावतां खूण मध्यावर स्थिर राहते काय? प्रत्येक दिशेस दहा वेळां कलवून सोडली असतां ती दर वेळीं मध्यावर परतते काय? स्टिक अगदीं हळू कलविली तर खूण लगेच हालते, कीं बराच वेळ जागची ढळत नाहीं? कांहीं निर्माते मध्याभोंवतींची हालचाल यंत्रास कळूंच देत नाहींत. त्या पट्ट्यास डेड झोन म्हणतात. तो थोडा असावा हें योग्यच, पण फार मोठा असला तर त्याआड दोष लपतो. मागील बाजूचे ट्रिगर हळूहळू दाबले असतां आकडा क्रमानें चढावा. तो एकदम शेवटास गेला तर मोटारीच्या शर्यतींत वेग बेतानें वाढवितां येणार नाहीं. प्रत्येक बटण वीस वेळां दाबावें. एका दाबाचे दोन ठोके उमटतां कामा नयेत.

बिनतारीपणाची परीक्षा निराळी. हे कंट्रोलर ब्लूटूथनें किंवा सोबतच्या लहान डाँगलनें बोलतात. दोन्ही २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यांत चालतात, व घरांतील वायफाय आणि मायक्रोवेव्ह भट्टी ह्यांचीही तेथेंच वर्दळ असते. म्हणून जेथें बसून मूल नेहमीं खेळतें, तेथूनच चाचणी घ्यावी. डाँगल लोखंडी कपाटामागें दडवूं नये. खोक्यावरील ‘१००० हर्ट्झ’ ह्याचा अर्थ सेकंदास हजार निरोप, म्हणजे मिलिसेकंदास एक. १२५ असल्यास आठ मिलिसेकंदांस एक. मोठा आकडा पुष्कळदां तार किंवा डाँगल लाविल्यावरच खरा असतो, ब्लूटूथवर नव्हे. शिवाय दूरचित्रवाणी संच स्वतःच चित्र सजविण्यांत वेळ घालवितो; त्यावरील ‘गेम मोड’ चालू केल्यावांचून कंट्रोलरास मंद म्हणूं नये.

बॅटरीची क्षमता खोक्यावर वाचण्याऐवजीं घड्याळावर मोजावी: पूर्ण भारल्यापासून बंद पडेपर्यंत किती तास चालली तें लिहून ठेवावें. लिथियमच्या बॅटरीस उष्णता बाधते. उन्हाळ्यांत कंट्रोलर पत्र्याच्या खोलींत किंवा खिडकींत ठेवूं नये, माळवदाखालच्या गार खोलींत ठेवावा. तसेंच, संगणकावर चालतो तो सर्वत्र चालेल असें नाहीं. प्लेस्टेशन ४ चा कंट्रोलर प्लेस्टेशन ५ वर जोडला तरी नव्या यंत्राचे खेळ बहुधा खेळूं देत नाहीं. आणि मायक्रोसॉफ्टनें नोव्हेंबर २०२३ पासून परवानगी नसलेलीं साधनें एक्सबॉक्सवर अडविण्यास आरंभ केला. आपल्या यंत्राचें नांव खोक्यावर स्पष्ट आहे काय, हें आधीं पाहावें.

खोकें फेकूं नये. २०११ च्या आवेष्टित वस्तूंच्या नियमांप्रमाणें त्यावर निर्मात्याचें किंवा आयात करणाराचें नांव-पत्ता, कमाल किंमत व तक्रारीचें ठिकाण छापलेलें असावें लागतें. तें नसेल तर माल परत करणेंच बरें. पावती जपावी, व खोकें उघडतांना मोबाइलवर चित्रण करावें. विक्रेता दाद देत नसेल तर १९१५ ह्या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर सांगावें. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून अमलांत आला. त्यान्वयें ग्राहकास आपण राहतों त्या जिल्ह्यांतच तक्रार करितां येते. आयोग बीड येथेंच आहे, मुदत दोन वर्षांची आहे, व पांच लाखांपर्यंतच्या मालास फी पडत नाहीं. मालाचा विक्रेता दिल्लीस असो वा बंगळुरास, आपणांस जिल्हा सोडावा लागत नाहीं.

ही सर्व परीक्षा मुलाच्या हातून करवावी, असें आमचें सांगणें आहे. त्यानें वहींत तारखेसह नोंदी कराव्या, व परतीची मुदत सरण्यापूर्वीं वडिलांनीं त्या वाचून निर्णय द्यावा. असें केल्यानें दोन-दोन हजारांचा माल वायां जाणार नाहीं हें तर खरेंच. पण पुढें बिघाड झालाच, तर घरांत आरोपाऐवजीं नोंदवही उघडली जाईल. परीक्षेवांचून दोष देऊं नये व परीक्षेवांचून स्तुतीही करूं नये, हें जें आपण शाळेंत मुलांस शिकवितों, तें घरीं प्रथम मोठ्यांनीं पाळावें. इत्यलम्.