नेवाड आपलं, पण त्यात पेरलं काय?

अखाजी होऊन गेली. ज्यांना साल धरायचं होतं त्यांनी धरलं, मृगाला आता थोडेच दिवस राहिले. चोपडा, यावल, रावेर, शिरपूर, साक्री, सगळीकडे दाव्यांचं काम चालू आहे. मीटिंगमध्ये विषय एकच, पुरावा आणि मोजणी. ते पाहिजेच. पण यंदा एक गोष्ट कानावर येते आहे ती बरी नाही. आपल्यातलेच काही जण नेवाड बाहेरच्या शेतकऱ्याला ठोक्यानं देत आहेत. काही जण दुकानदाराकडून उधारीवर बियाणं आणून सगळ्या रानात कापूस लावणार आहेत. विचारलं तर म्हणतात, जमीन माझी, दावा माझा, काय पेरायचं ते मी बघेन.

साथींनो, दावा एकट्याचा कधी होता? गावातल्या म्हाताऱ्यांनी जबाब दिला, वनहक्क समितीनं जागा पाहिली, ग्रामसभा ठराव करते, तेव्हा दावा पुढे जातो. फॉरेस्टवाले आले तेव्हा अख्खं गाव रानात उभं राहिलं होतं. आणि 2006 च्या कायद्यात हक्क कशासाठी दिला ते कलम 3 मध्ये नीट वाचा: राहण्यासाठी, आणि स्वतः कसून पोट भरण्यासाठी. कलम 4 सांगतं की हा हक्क पोराबाळांना मिळेल, नवरा-बायको दोघांच्या नावानं लागेल, पण विकता येणार नाही की दुसऱ्याला देता येणार नाही. उद्या मोजणीला माणसं आली आणि आपल्या नेवाडात दुसऱ्याचं औत दिसलं तर काय तोंडानं सांगणार?

जुन्या लोकांना विचारा जमिनी कशा गेल्या. शहादा-तळोदा तेव्हा धुळे जिल्ह्यातच होतं. 1972 साली अंबरसिंग महाराज आणि श्रमिक संघटना तिथं जमिनीसाठी उभे राहिले. त्या जमिनी काय लढाईत गेल्या होत्या? पुष्कळशा दाण्यापायी गेल्या. पावसाळ्यात कोठी रिकामी, म्हणून पोतंभर ज्वारी उसनी आणली, कागदावर अंगठा दिला, आणि मालक होता तो त्याच शेतात सालदार झाला. आदिवासींच्या गेलेल्या जमिनी परत देण्यासाठी सरकारला 1974 चा कायदा करावा लागला, तरी किती परत आल्या ते आपण बघतोच आहोत. म्हणून आम्ही म्हणतो, ज्या घरात आषाढ-श्रावणात दाणा आहे त्या घराची जमीन सावकाराला लवकर सापडत नाही.

आता कापसाचं. कापूस वाईट असं कोणी म्हणत नाही. मीठ, तेल, दवाखाना, पोरांच्या वह्या, लग्न, यांना रोख पैसा लागतो. पण सगळ्या रानात कापूस म्हणजे काय होतं? ज्वारी नाही म्हणजे कडबा नाही, मग बैलाला काय घालणार? तूर, उडीद, चवळी नाही म्हणजे भाकरीबरोबर काय? मिसळ पिकात पाऊस कमी पडला तर एक जातं, दुसरं राहतं. बीटीचं पाकीट दरवर्षी विकत घ्यावं लागतं, घरची ज्वारी, बंटी, भादी, नागली राखेतच ठेवली तरी पुढच्या साली उगवते. ज्यांना जमीनच नाही, त्या विधवा बाया, म्हातारी माणसं, ती ज्वारीच्या शेतात सरवा वेचून काही दिवस काढतात. कापसात वेचायला काय आहे? लाहला गेलं तर पोटभर जेवण असतं, ते पण घरच्या दाण्यावरच चालतं. इंदलला काय, याहा मोगीला काय, कणसरीला काय, आपण नवं धान्यच ठेवतो. दुकानातलं पाकीट कोणी ठेवत नाही.

आणि एक गोष्ट लक्षात घ्या, ती थेट दाव्याची आहे. घरात धान्य नसलं की दिवाळीनंतर मुकादमाची उचल घेऊन गाव गुजरातेत ऊस तोडायला जातं. वनहक्काच्या ग्रामसभेला निदान निम्मी माणसं हजर पाहिजेत. निम्म्याहून जास्त गाव बारडोलीकडे कोयता घेऊन बसलं तर ठराव कोण करणार? सभा पुढे ढकलली जाते, दावे पडून राहतात, आणि साहेब लोक म्हणतात, तुमच्याच लोकांना गरज नाही.

म्हणून पेरणीआधी प्रत्येक गावानं एक मीटिंग फक्त बियाण्याची घ्यावी. बायांना आधी बोलवा, कोणतं बी कुठल्या गाडग्यात आहे ते त्यांनाच माहीत असतं. ज्याच्याकडे नाही त्याला शेर-दोन शेर द्या, पिकल्यावर सवाईनं परत घ्या. कापूस लावायचाच तर एका तुकड्यात लावा, उरलेल्या रानात खायचं पेरा. ठोक्यानं दिलेलं नेवाड परत घ्यायला कोणाकडे पैसे नसतील, तर त्याला शिव्या देण्याआधी वर्गणी काढा. पाऊस पडायच्या आत लाह लावून बांध घाला. बांध माती धरतो, आणि नियम 13 मध्ये बांध, सपाटीकरण यांना पुरावा म्हणून धरलं आहे.

कुठल्या गावात कोणतं गावठी बी जास्त आहे ते येत्या बैठकीत कार्यकर्त्याकडे लिहून द्या. पुढच्या अंकात गाववार यादी छापू.