सामाईक विहिरीतला गाळ

करकंब परिसरात चार भावांत किंवा दोन-तीन शेजाऱ्यांत सामाईक असलेल्या विहिरी आजही आहेत. सातबाराच्या उताऱ्यावर त्यांची नोंद असते, पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या असतात आणि पाळीवरून होणाऱ्या कुरबुरीही ठरलेल्याच असतात. तथापि ज्यांनी ही व्यवस्था जवळून पाहिली आहे त्यांना ठाऊक आहे, की खरे भांडण पाण्यावरून होत नाही. ते होते उन्हाळ्यात गाळ काढण्याच्या वेळी. पाणी घेताना सर्व हिस्सेदार हजर असतात. गाळ काढावयाचा म्हटले, की एकाच्या घरी लग्न निघते, दुसऱ्याचा पाय मुरगळतो आणि तिसरा ‘तुम्ही सुरुवात करा, मी आलोच’ असे सांगून टेंभुर्णीच्या बाजाराला जातो.

सामूहिक कृतीचा प्रश्न शिकविताना अर्थशास्त्राच्या वर्गात मी हे उदाहरण पुष्कळ वर्षे देत आलो आहे. अलीकडे मात्र त्याला एक नवी जोड मिळाली. एका विद्यार्थ्याने शिष्यवृत्तीसंबंधी एका कार्यालयाला मराठीत ई-मेल पाठविली. काही दिवसांनी उत्तर आले, की आपला अर्ज वाचता येत नाही, तो इंग्रजीत पाठवावा. खाली त्याच्या अर्जाची प्रत होती : नाव, गाव, विनंती, सर्व ठिकाणी प्रश्नचिन्हांच्या रांगा. मुलाने निमूटपणे मोडक्यातोडक्या इंग्रजीत अर्ज पुन्हा लिहिला. त्याचे काम झाले, कार्यालयाचेही झाले. दोष मात्र जेथल्या तेथे राहिला. तो कोठे आहे हे शोधून काढणे हे कोणाच्याच कामाच्या यादीत नव्हते.

ई-मेल ही कोणा एका कंपनीची मालमत्ता नाही, ही गोष्ट आपल्या ध्यानातून निसटत चालली आहे. १९७१ मध्ये रे टॉमलिन्सन यांनी एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर पत्र पाठविले. १९८२ मध्ये अशा पत्रांच्या देवघेवीचे नियम लिहिले गेले. १९९२ मध्ये इंग्रजीखेरीज अन्य लिप्यांतील मजकूर व जोडपत्रे कशी पाठवावी याचे नियम झाले. हे सर्व नियम खुले आहेत. म्हणूनच एका कंपनीचा ग्राहक दुसऱ्या कंपनीच्या ग्राहकाला पत्र पाठवू शकतो, जे आज घरोघरी वापरल्या जाणाऱ्या निरोपांच्या साधनांत सहसा शक्य होत नाही. रस्ता सार्वजनिक आहे. प्रश्न आहे तो रस्त्यावरून जाणाऱ्या गाडीचा, म्हणजे आपण पत्र ज्यात लिहितो व वाचतो त्या आज्ञावलीचा.

ही आज्ञावलीही सार्वजनिक असू शकते. ‘थंडरबर्ड’ हे तिचे सर्वांत ठळक उदाहरण. मोझिला या संस्थेच्या छत्राखाली २००३ मध्ये तिचे काम सुरू झाले आणि २००४ च्या डिसेंबरात तिची पहिली पूर्ण आवृत्ती निघाली. तिचा स्रोत, म्हणजे ती ज्या सूचनांनी चालते तो मूळ मजकूर, कोणालाही वाचता येतो, बदलता येतो, पुन्हा वाटता येतो. पुढे २०१२ मध्ये मोझिलाने थंडरबर्डमधून आपली माणसे मोठ्या प्रमाणात काढून घेतली. खाजगी मालकीची वस्तू असती, तर तिचा शेवट तेथेच झाला असता. येथे तसे घडले नाही. स्वेच्छेने काम करणाऱ्यांनी ती तगवून धरली, त्यांनी आपले निवडलेले मंडळ नेमले, आणि २०२० मध्ये मोझिला फाउंडेशनच्याच अधीन पण स्वतंत्र अशी एक कंपनी या कामासाठी स्थापन झाली. २०१९ मध्ये तिला सुमारे १५ लाख डॉलरच्या देणग्या मिळाल्या होत्या. २०२२ मध्ये त्या सुमारे ६४ लाख डॉलरवर गेल्या. देणगीदार तीन लाखांहून अधिक होते. वापरणारे मात्र सुमारे दोन कोटी. शंभरांतले दीड-दोन जण पैसे देतात व त्यावर शंभरांचे काम चालते, असा हा हिशेब आहे. आमच्या विहिरीवर याहून बरे प्रमाण असते, हे नमूद करावयास हरकत नाही.

परंतु पैशाइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, महत्त्व दोष सांगणाऱ्याला आहे. गावात मोटार भरून देणाऱ्या कारागिराकडे शेतकरी जळालेली मोटार घेऊन येतो तेव्हा ‘मोटार चालत नाही’ एवढ्यावर तो कारागीर हात लावत नाही. दाब किती होता, रात्रीची वीज होती की दिवसाची, आधी आवाज बदलला की आधी वास आला, पाणी तुटले होते काय, असे तो विचारीत जातो आणि निम्मा दोष प्रश्नोत्तरांतच सापडतो. मुक्तस्रोत आज्ञावलीची दुरुस्ती अशीच होते. दोष दिसला की त्याची जाहीर नोंद करावयाची : कोणती आवृत्ती, कोणता संगणक, काय केले असता काय व्हावयास हवे होते व प्रत्यक्ष काय झाले. मग तिसऱ्याच देशातला कोणी तीच कृती करून पाहतो आणि दोष खरा असल्याची साक्ष देतो. चौथा दुरुस्ती सुचवितो. पाचवा तिच्यातील चुका काढतो व ती परत पाठवितो. तिचा स्वीकार झाल्यावर ती आधी चाचणीच्या आवृत्तीत जाते व नंतर सर्वांना मिळते. या साखळीत संगणकशास्त्राची पदवी लागते ती मधल्या दोन कड्यांना. पहिल्या व दुसऱ्या कडीला लागते ते नीट पाहणे आणि पाहिलेले नीट लिहिणे.

आणि काही दोष असे आहेत, की ते आपल्यावाचून कोणालाच दिसणार नाहीत. ‘आचार्यांना बोलवा’ आणि ‘आचाऱ्यांना बोलवा’ यांतील भेद मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही. एका निमंत्रणाने विद्वान येतील, दुसऱ्याने स्वयंपाकी. देवनागरी म्हणजे हिंदीची लिपी असे गृहीत धरून बनविलेल्या अक्षरसंचांत हा आडवा ‘र’ एके काळी हमखास बिघडत असे. ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होई. युनिकोड या जागतिक संकेतप्रणालीत त्याची तरतूद आहे, पण तरतूद असणे वेगळे आणि पडद्यावर अक्षर बरोबर उमटणे वेगळे. मराठी ‘ल’ आणि ‘श’ यांची वळणेही हिंदीहून निराळी. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने ती प्रमाण ठरविली. म्युनिक किंवा व्हँकूवर येथे बसलेल्या अभियंत्याला यातले काय ठाऊक असणार? त्याच्या दृष्टीने पडद्यावर देवनागरी दिसते आहे, म्हणजे सर्व क्षेम आहे.

या कामात महाराष्ट्राचा वाटा लहान नाही. ‘श्रीलिपी’ ज्यांनी मराठी छापखान्यांत रुजविली त्या पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने घडविलेले ‘लोहित’ अक्षरसंच रेड हॅट या कंपनीने २००४ मध्ये मुक्त परवान्याखाली सर्वांना खुले केले. ‘ग्नोम’ ही संगणकव्यवस्था आणि तिच्यातील ‘एव्होल्युशन’ ही टपालाची आज्ञावली मराठीत आली, त्यात याच कंपनीच्या पुण्यातील मंडळींचे श्रम आहेत. फायरफॉक्सची मराठी आवृत्ती स्वयंसेवकांच्या हातून झाली. पण भाषांतर ही एकदा करून संपणारी गोष्ट नव्हे. नवी आवृत्ती निघाली, की नवी वाक्ये येतात. ती कोणी मराठीत आणली नाहीत, तर मराठी पडद्यावर अधूनमधून इंग्रजी ओळी उगवू लागतात. माणसे नोकरी बदलतात, संसारात पडतात, कंटाळतात. त्यांच्या जागी नवी आली नाहीत, तर गाळ साचतो.

सामाईक वस्तूची नासाडी अटळ आहे असे अर्थशास्त्रात पुष्कळ काळ मानले गेले. मॅन्सर ओल्सन यांनी १९६५ मध्ये दाखविले, की मोठ्या समूहातील शहाणा माणूस फुकटचा लाभ घेईल आणि श्रम इतरांवर टाकील. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी १९९० च्या आपल्या ग्रंथात जंगले, मच्छीमारी, कालवे यांच्या अभ्यासावरून निराळे चित्र मांडले : नियम वापरणाऱ्यांनीच केले, एकमेकांवर देखरेख ठेवली आणि तंटे स्वस्तात मिटले, तर सामाईक वस्तू पिढ्यान् पिढ्या टिकतात. २००९ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्याकडे धुळे-नाशिक भागातील फड पद्धती हेच सांगत आली आहे.

येथे एक सूक्ष्म भेद लक्षात घ्यावयास हवा. विहिरीचे पाणी उपसले की कमी होते. आज्ञावली एकाने वापरली काय किंवा दोन कोटींनी वापरली काय, ती तसूभरही झिजत नाही. म्हणून काही मंडळी म्हणतात, की येथे फुकट्यांची चिंताच नको. मला हे पटत नाही. आज्ञावली झिजत नसेल, पण तिची देखभाल करणारा माणूस झिजतो. त्याचे लक्ष हीच येथील दुर्मिळ वस्तू आहे, आणि अर्धवट तक्रार, उर्मट मागणी, न वाचता विचारलेला प्रश्न यांपैकी प्रत्येक गोष्ट त्या साठ्यातून उपसा करीत असते. अलीकडे तर यंत्राकडून लिहवून घेतलेल्या खोट्या दोषनोंदींचा पूर आला आहे. ‘कर्ल’ या जगभर वापरल्या जाणाऱ्या मुक्त आज्ञावलीच्या चालकांनी २०२५ मध्ये त्याबद्दल उघड त्रागा केला.

हा साठा आटला म्हणजे काय होते, ते दोन प्रसंगांनी दाखविले. २०१४ च्या एप्रिलमध्ये ‘ओपनएसएसएल’ या आज्ञावलीत एक भयंकर छिद्र सापडले. जगातील फार मोठ्या भागाचे गुप्त व्यवहार तिच्यावर विसंबून होते, छिद्र दोन वर्षे उघड्यावर पडलेले होते, आणि तिच्यावर पूर्णवेळ काम करणारा माणूस जेमतेम एक होता. दुसरा प्रसंग २०२४ च्या मार्चमधला. ‘एक्सझेड’ नावाची एक छोटी पण सर्वत्र पसरलेली आज्ञावली एकच थकलेला गृहस्थ सांभाळीत होता. एका अज्ञाताने दोन वर्षांहून अधिक काळ गोडीगुलाबीने मदत करून त्याचा विश्वास संपादन केला, कारभारात हात मिळविला आणि मग तिच्यात चोरदरवाजा बसविला. तो उघडकीस आला तो अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्यामुळे. संगणकात दाखल होण्यास अर्ध्या सेकंदाचा विलंब का होतो, हे त्याला स्वस्थ बसू देईना म्हणून.

सोलापूर जिल्ह्याच्या वाचकाला यात काही ओळखीचे वाटल्यास नवल नाही. १९५० मध्ये प्रवरेचा कारखाना उभा राहिला तेव्हा विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्यासमोर जे चित्र होते, त्यात सभासद हा मालक होता. हिशेब पाहण्याचा हक्क त्याला होता आणि आजही आहे. वार्षिक सभेत ताळेबंद ‘वाचला असे समजून’ मंजूर होऊ लागला, त्या दिवसापासून तो हक्क कागदावर राहिला. पुढे कोणत्या कारखान्यांचे काय झाले, हे या जिल्ह्यात सांगण्याची आवश्यकता नाही. स्रोत खुला आहे पण वाचतो कोण, हा त्याच जातीचा प्रश्न होय. आणि तरीही फ्रॉइंड यांना तो चोरदरवाजा सापडू शकला, कारण दप्तर उघडे होते. बंद दप्तरात तो सापडण्याची शक्यता कितीशी राहिली असती?

सरकारी धोरणाकडे पाहिले तर २०१५ मध्ये केंद्राने मुक्तस्रोत आज्ञावलींना प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले. केंद्राच्या सुमारे १२ लाख कर्मचाऱ्यांची ई-मेल झोहो या भारतीय कंपनीच्या व्यवस्थेवर नेल्याचे २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. स्वदेशी कंपनीला काम मिळाले याचा आनंदच आहे. पण स्वदेशी आणि सामाईक या दोन निराळ्या गोष्टी आहेत. कुलूप अलीगढचे असो की परदेशचे, किल्ली आपल्याजवळ आहे काय, हे विचारावेच लागते.

राज्याच्या हाती दोन गोष्टी आहेत. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्यानिमित्ताने जो खर्च होईल त्यातील बहुतेक संमेलने, ग्रंथ आणि पुतळे यांच्याकडे जाईल, अशी मला भीती वाटते. त्यातून चार-सहा जाणत्या माणसांना केवळ मराठी आज्ञावलींच्या देखभालीसाठी नियमित वेतनावर नेमले, तर तो खर्च एका संमेलनाच्या मांडवाहून अधिक नसेल. दुसरी गोष्ट महाविद्यालयांची. नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवीच्या विद्यार्थ्यांना क्षेत्रप्रकल्प आणि समाजसहभाग यांसाठी श्रेयांक आहेत. त्यांतून सध्या जे अहवाल तयार होतात ते कोण वाचतो, हे आम्ही प्राध्यापक जाणतो. गेल्या वर्षीचेच अहवाल नाव बदलून पुन्हा येतात, हेही जाणतो. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठाने दोषनोंद, तिची पडताळणी आणि मराठीकरण ही कामे या श्रेयांकांसाठी ग्राह्य धरावीत. येथे नक्कल चालत नाही. नोंद जाहीर असते, तारीखवार असते आणि निरर्थक असेल तर परका माणूस तसे तोंडावर सांगतो. मूल्यमापनाची याहून कडक पद्धत आमच्याजवळ नाही. अट एकच घालावी, की एका विद्यार्थ्याने सत्रात दोनच नोंदी कराव्यात पण त्या शेवटपर्यंत न्याव्यात; अन्यथा आम्हीच त्या थकलेल्या माणसांच्या अंगावर आणखी शेकडो अर्धवट तक्रारी लोटू.

तो प्रश्नचिन्हांचा अर्ज मी जपून ठेवला आहे. मजकूर कोणत्या टप्प्यावर बिघडला, हे पत्राच्या अदृश्य मथळ्यातील नोंदींवरून बरेचसे कळू शकते. जूनमध्ये नवे सत्र सुरू झाले, की पहिल्या आठवड्यात तो वर्गात वाटण्याचा विचार आहे.