नाव संस्थेचे, चावी कोणाकडे?

संस्था स्थापन करताना आमचे कार्यकर्ते सात सभासदांच्या सह्या घेतात, 1860 च्या कायद्याखाली नोंदणी करतात आणि धर्मादाय कार्यालयाच्या पायऱ्या झिजवतात. मिळालेले प्रमाणपत्र काचेत बसवून भिंतीवर लावतात. परंतु त्याच संस्थेचे इंटरनेटवरील नाव, म्हणजे डोमेन, कोणाच्या नावावर आहे असे विचारले तर किती अध्यक्ष-सचिवांना उत्तर देता येईल?

आमच्या माहितीतील एका वाचनालयाची गोष्ट. एका उत्साही तरुणाने स्वतःचे कार्ड वापरून, स्वतःच्या ई-मेलवर संस्थेचे डोमेन घेतले. पुढे तो नोकरीसाठी परगावी गेला. नूतनीकरणाच्या सूचना जुन्या ई-मेलवर येत राहिल्या, मुदत संपली आणि ते नाव भलत्यानेच घेतले. आज पावतीपुस्तकावर छापलेला पत्ता उघडला की कुणाच्या तरी जाहिराती दिसतात. यात त्या तरुणाचा दोष नाही. त्याने पदरमोड केली. डोमेन ही संस्थेची मालमत्ता आहे, हे संस्थेनेच ओळखले नाही.

अडचणी खऱ्या आहेत, हे आम्हाला मान्य आहे. लहान संस्थेचे बँक खाते दोन सह्यांच्या चेकवर चालते. ऑनलाईन पैसे भरायला कार्ड नसते. डोमेन विकणाऱ्या अनेक कंपन्या परदेशी, दर डॉलरमध्ये, अर्ज इंग्रजीत. रक्कम मोठी नसते, पण ती दरवर्षी भरावी लागते आणि अनुदानाच्या अंदाजपत्रकात तिला रकाना नसतो. गरीब देशांतील असंख्य लहान संस्था याच ठिकाणी अडतात.

वरच्या पातळीवर तर अंतर आणखी मोठे आहे. 2012 साली 'आयकॅन' या नावांची व्यवस्था पाहणाऱ्या संस्थेने डॉट ऑर्गसारखी नवी टोके चालविण्यासाठी अर्ज मागविले. शुल्क होते 1 लाख 85 हजार डॉलर. एकूण 1930 अर्जांपैकी साऱ्या आफ्रिका खंडातून आले केवळ 17! प्रवेशबंदीची पाटी कोठेही नव्हती; शुल्कानेच ते काम केले.

ज्या डॉट ऑर्गवर जगभरातील सेवाभावी संस्था विसंबून आहेत, त्याच्या दरवाढीवरील मर्यादा आयकॅनने 2019 च्या जूनमध्ये उठविली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये डॉट ऑर्ग चालविणारी संस्था 113 कोटी 50 लाख डॉलरला एका खाजगी गुंतवणूक कंपनीला विकण्याचा घाट घातला गेला. जगभरच्या संस्थांनी कडाडून विरोध केला आणि 30 एप्रिल 2020 रोजी आयकॅनने संमती नाकारली. संघटित आवाजाची दखल घ्यावी लागते, हा त्यातला धडा.

मग करायचे काय? आमचे स्पष्ट मत आहे की, डोमेन संस्थेच्याच नावावर घ्यावे, तसा ठराव इतिवृत्तात नोंदवावा आणि ई-मेल व पासवर्ड किमान दोन पदाधिकाऱ्यांकडे असावेत. बदली झाली की दप्तराबरोबर तेही सोपवावेत. रुपयांत बिल देणारे भारतीय विक्रेते आहेत. डॉट इन उपलब्ध आहे. 2014 पासून देवनागरीत डॉट भारतही आहे. डोमेन एका वेळी दहा वर्षांपर्यंत घेता येते. मग दरवर्षीची धावपळ कशासाठी?

आयटी क्षेत्रात स्थिरावलेल्या आमच्या मुलामुलींनी आपापल्या जिल्ह्यातील पाच-दहा संस्थांचे हे काम अंगावर घ्यावे. मोठ्या संस्थांनी व देणगीदारांनी खर्च उचलावा. मात्र एक पथ्य सर्वांनीच पाळावे: मदत करणाऱ्याने चावी स्वतःच्या खिशात ठेवू नये. नाव त्याच्या खात्यात राहिले तर संस्था उद्या त्याच्या मर्जीवर जगेल. अशी मदत म्हणजे नवी सावकारीच.

1920 साली बाबासाहेबांनी 'मूकनायक' काढला, कारण आपले म्हणणे मांडायला इतरांच्या पत्रांत जागा नव्हती. आज जागा मिळते आहे, तीही अल्प पैशांत. ती दुसऱ्याच्या नावावर का राहू द्यावी? पुढच्या कार्यकारिणीच्या बैठकीत हा विषय पत्रिकेवर घ्या आणि सचिवांना एकच प्रश्न विचारा: आपले डोमेन कोणाच्या नावावर आहे?