तंजावरला अर्धा दिवस? नाही चालणार!

तमिळनाडूची ट्रिप ठरली की मदुराई, रामेश्वरम, कन्याकुमारी हे फिक्स असतं. तंजावर मात्र 'वाटेत जमलं तर बघू'. माझं म्हणणं, एखादं ठिकाण गाळा, पण तंजावरला दोन दिवस द्या.

राजराज चोळाने १०१० मध्ये पूर्ण केलेलं बृहदीश्वर मंदिर सगळेच बघतात. उंच शिखर, भलामोठा नंदी, सेल्फी, चला पुढे! पण याच मंदिराच्या भिंतींवर १८०३ मध्ये कोरलेला भोसले घराण्याचा मराठी इतिहास आहे, तोही देवनागरीत. शिवरायांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे यांच्या वंशजांनी इथे राज्य केलं. सरफोजीराजे दुसरे यांनी वाढवलेल्या सरस्वती महाल ग्रंथालयात मराठी हस्तलिखितं आणि मोडी कागद आजही जपलेत. दुपारी गाभारा बंद असतो, तेव्हा त्याचं संग्रहालय गाठा.

मात्र तिथे 'हे सगळं आपलंच' म्हणून कॉलर ताठ करू नका. चोळांचं हे देऊळ तिथल्या लोकांच्या रोजच्या पूजेचं आहे. संध्याकाळी मोबाईल खिशात ठेवून शांत बसा.

इतिहासाचं स्टेटस ठेवायला मिनिट लागतं. तो वाचायला थांबावं लागतं.