घरकुल : विटांची शेकोटी आणि तिचे नवे रूप

तुळशीचे लग्न आटोपले, की भोपाळच्या मोठ्या तलावावरून येणारा वारा अंगाला झोंबू लागतो. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री तापमान १० अंशांच्या आसपास असते आणि थंडीची लाट आली, तर ५ अंशांच्या खालीही उतरते. मुंबई-कोकणाकडून आलेला पाहुणा अशा वेळी दुलईतून बाहेर यावयास तयार नसतो. ज्यांच्या घरी भिंतीत बांधलेली विटांची शेकोटी आहे, त्यांचे लक्ष याच दिवसांत तिच्याकडे वळते. एरवी वर्षभर तिच्या पोटात रद्दी, मोडकी छत्री आणि मुलांची क्रिकेटची बॅट विसावलेली असते! तिचे करावे काय, हा प्रश्न या सदराच्या वाचकांना पडतो, म्हणून यंदा त्याचाच विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

ही शेकोटी मूळची आपल्या घरातली नव्हे. आपल्याकडे चूल, वैल, शेगडी, न्हाणीघरातला बंब आणि अंगणातली शेकोटी. भिंतीत कमान काढून वर धुरांडे नेण्याची रीत साहेबाची. पचमढी, महू यांसारख्या ठिकाणच्या जुन्या बंगल्यांतून ती रुजली. पचमढी तर जुन्या मध्य प्रांताची उन्हाळी राजधानी. समुद्रसपाटीपासून सुमारे १,०६७ मीटर उंचीवरच्या त्या गावी हिवाळ्याच्या रात्री विस्तवाची खरीच गरज भासे. मुसलमानी संस्थानाच्या या शहरात तिला ‘आतिशदान’ हे सुरेख नाव मिळाले. बाजारात मिस्त्री तिला नुसते ‘अंगीठी’ म्हणतो. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नवे मध्य प्रदेश राज्य झाले, भोपाळ राजधानी ठरले आणि नागपूर, ग्वाल्हेर, इंदूर येथून कितीतरी मराठी कुटुंबे कचेऱ्यांपाठोपाठ येथे आली. बहुतेकांच्या वाट्याला सरकारी क्वार्टर आले, काहींच्या वाट्याला जुना बंगला. पुढे काहींनी स्वतःचे घर बांधताना हौसेने विटांची शेकोटी करवून घेतली. अशा रीतीने परक्याची वस्तू आपल्या बैठकीत येऊन बसली.

तिचे रूप पालटण्यापूर्वी एका प्रश्नाचे उत्तर घरातल्या सर्वांनी मिळून द्यावयास हवे. या शेकोटीत विस्तव पेटवावयाचा आहे काय? दुसऱ्या गावी हा केवळ हौसेचा प्रश्न ठरेल. भोपाळात तो तसा नाही. २ व ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून सुटलेल्या विषारी वायूने हजारो माणसे मारली आणि जी वाचली त्यांपैकी असंख्यांची फुप्फुसे कायमची अधू करून ठेवली. आज चाळीस वर्षांनंतरही या शहरात कितीतरी घरी जिना चढताना धाप लागणारी आजी किंवा थंडी पडली की रात्र रात्र खोकणारे काका आहेत. दम्याचे मूल तर कोठेही असू शकते. अशा घरात थोडासा धूरसुद्धा थोडासा नसतो. तेव्हा आमचे स्पष्ट मत असे, की घरात श्वासाचा विकार असलेले एकही माणूस असेल, तर शेकोटीत लाकूड जाळण्याचा विचार सोडून द्यावा. वडीलधारी मंडळी भिडेपोटी ‘मला काही होत नाही’ असे म्हणतील. त्यांच्या शब्दावर न जाता त्यांच्या खोकल्याकडे लक्ष द्यावे.

याच्याही पुढचा एक धोका आहे. थंडी वाढली की कोळशाची शेगडी खोलीत घेऊन, दारे-खिडक्या लावून झोपण्याची चाल उत्तरेत आहे, आणि दर हिवाळ्यात त्यापायी झोपेतच माणसे दगावल्याच्या बातम्या येतात. अर्धवट जळणाऱ्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो, त्यामुळे माणूस गुदमरत असूनही त्याला ते जाणवत नाही. बुजलेल्या धुरांड्याची शेकोटी आणि बंद खोलीतली शेगडी यांत काडीचा फरक नाही. शेकोटीत विस्तव असताना एक खिडकी बोटभर उघडी असावी, आणि निजण्यापूर्वी निखारे पूर्ण विझलेले असावेत. या दोन नियमांना अपवाद नाही.

आता ज्यांना विस्तव पेटवावयाचाच आहे त्यांच्यासाठी. शेकोटीचे सौंदर्य तिच्या धुरांड्यापासून सुरू होते. दिवाळीपूर्वी, म्हणजे पावसाळ्याची ओल सुकल्यावर, धुरांडे वरून खाली साफ करून घ्यावे. पक्ष्यांची घरटी, मधमाश्यांची पोळी, गळालेल्या विटांचे तुकडे यांपैकी काहीतरी हमखास निघते. ओल्या लाकडाच्या धुराने आतून डांबरासारखा काळा थर चढतो. तो पेट घेतो, म्हणून तोही खरवडावा. नंतर एक वर्तमानपत्र चुरगाळून पेटवून पाहावे. धूर सरळ वर गेला तर ठीक. खोलीत परतला, तर पुढे जाऊ नये.

धूर परतण्याची कारणे बहुधा बांधणीत असतात. तोंड मोठे आणि नळी अरुंद असली की धूर घरात येतो. तोंडाच्या क्षेत्रफळाच्या सुमारे एक दशांश नळी असावी, असा जुना ठोकताळा आहे. म्हणजे ३६ इंच रुंद व ३० इंच उंच तोंडाला साधारण १२ इंच × ९ इंचांची नळी लागते. धुरांडे छपरातून निघते तेथून किमान ३ फूट वर असावे आणि जवळच्या भिंतीहून वा टाकीहून उंच असावे. गच्चीवर पाण्याची नवी टाकी बसविल्यापासून शेकोटी धुरकटू लागल्याची तक्रार असेल, तर कारण तेथेच शोधावे.

उष्णतेचेही एक शास्त्र आहे. जुन्या खोल शेकोट्यांत बहुतेक ऊब धुराबरोबर वर निघून जाते आणि खोलीतली उबदार हवाही सोबत ओढून नेते; पाय भाजतात व पाठ गारठते ती यामुळे. अमेरिकेत जन्मलेल्या बेंजामिन थॉम्प्सन ऊर्फ काउंट रम्फर्ड या शास्त्रज्ञाने १७९६ च्या सुमारास यावर उपाय सुचविला. शेकोटी उथळ करावी, बाजूच्या भिंती तिरप्या बाहेर उघडणाऱ्या ठेवाव्यात आणि वरचा घसा अरुंद करावा, म्हणजे तापलेल्या विटा ऊब खोलीत फेकतात व धूर झपाट्याने वर जातो. जाणता गवंडी जुन्या शेकोटीच्या पोटात विटांचा एक आतला थर बांधून हे रूपांतर करू शकतो; बाहेरचा दर्शनी भाग मोडावा लागत नाही. मात्र हा थर भट्टीच्या विटांचा असावा आणि त्यांची जोडणी अग्निमृत्तिकेच्या गाऱ्यात करावी. साधे सिमेंट सततच्या आचेने भुसभुशीत होऊन झडते. अशा विटा व माती यांसाठी दूर जावे लागत नाही. कटनी-जबलपूरचा पट्टा त्यासाठी प्रसिद्ध आहे.

जळण वर्षभर सुकलेले असावे. टालेवरून, म्हणजे आपल्या भाषेत वखारीतून, आणलेले ओले लाकूड स्वस्त पडते असे वाटते. पण ते धूर अधिक आणि ऊब कमी देते. रंगविलेल्या फळ्या, प्लायवूडचे तुकडे, प्लॅस्टिक हे शेकोटीत कदापि टाकू नये.

येथपर्यंत आरोग्याचे झाले. आता रूपाकडे वळू.

पहिला विचार विटांचा. पूर्वी कोणी तैलरंगाचे दोन हात मारून ठेवलेले असतात. उष्णतेने त्याला पोपडे येतात आणि वासही सुटतो. विटा अजून उघड्या असतील, तर त्यांना तैलरंग लावूच नये, कारण एकदा तो सच्छिद्र विटेत मुरला की पूर्ण निघत नाही. मऊ ब्रश, कोमट पाणी व साबण यांनी धुतल्या, तर काजळीखालून विटांचा खरा रंग उजळतो. तेजाबाने धुण्याचा सल्ला कोणी दिला तर मानू नये; जुन्या विटांची वरची कातडीच त्याने जाते. दरजा मोकळ्या झाल्या असतील, तर त्या चुन्यानेच भराव्यात, एक भाग मुरवलेला चुना व तीन भाग चाळलेली वाळू. जुनी वीट मऊ असते. सिमेंटच्या दरजा तिच्याहून कठीण होतात, ओल विटेतून बाहेर पडू पाहते आणि विटेचेच टवके उडतात. खोली काळोखी असेल व विटांचा तांबडा रंग जड वाटत असेल, तर चुन्याची पातळ सफेदी द्यावी. भिंत श्वास घेत राहते आणि दोन-तीन वर्षांनी हात फिरविणे सोपे असते.

दुसरा विचार पुढच्या फरशीचा. ठिणगी उडून सतरंजी जळू नये म्हणून तोंडापुढे किमान १६ इंच आणि दोन्ही बाजूंस ८ इंच दगडी फरशी असावी. यासाठी संगमरवर आणण्याचे कारण नाही. विदिशा जिल्ह्यातील गंजबासोद्याचा वालुकाश्म आपल्या दाराशी आहे. भोपाळच्या अंगणांतून पायाखाली असलेला हा दगड बैठकीतही तितकाच शोभतो. कोटा फरशीही चालेल.

तिसरा वरच्या फळीचा. मध्य प्रदेशचे सागवान नामांकित, आणि जुन्या घराच्या पाडकामातून निघालेली तुळई मिळाली तर फारच उत्तम. ती तोंडापासून किमान एक फूट उंच बसवावी. फळीवर काय ठेवावे हे ज्याने त्याने ठरवावे. परंतु घड्याळ, फुलदाणी, बक्षिसाचे कप, लग्नातला फोटो आणि गणपती ही सर्व मंडळी एकाच रांगेत उभी करू नयेत. दोन वस्तू नेटक्या ठेवल्या, तर दहांहून अधिक बोलतात.

चौथा विचार फळीवरच्या मोकळ्या भिंतीचा. येथे भोपाळकरांसारखे भाग्य क्वचितच कोणास लाभते. भारत भवन १९८२ साली उघडले, जगदीश स्वामीनाथन यांनी पाटनगढच्या जनगडसिंग श्याम यांना येथे आणले, आणि त्यांच्यामागून गोंड चित्रकारांची एक पिढीच या शहरात वस्तीला आली. भारत भवनच्या बांधकामावर मजुरी करणाऱ्या भिल्ल चित्रकार भुरीबाई यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. छापील निसर्गदृश्याऐवजी अशा एखाद्या चित्रकाराकडून प्रत्यक्ष चित्र घ्यावे. विस्तव पेटत असेल, तर चित्र काचेत मढवून घ्यावे व थोडे उंच लावावे.

ज्या घरी विस्तव पेटणार नाही तेथे शेकोटी बुजवून सपाट भिंत करण्याची घाई मात्र करू नये. धुरांड्यावर पावसापासून आडोसा व जाळी बसवावी, पण ते पूर्ण बंद करू नये. हवा खेळली नाही, तर ओल धरते. आतील पोकळीला चुना देऊन तिचा मोठा कोनाडा करावा. त्यात पितळी समई ठेवावी, किंवा दोन फळ्या बसवून पुस्तके मांडावीत. मराठी पुस्तके मिळण्यास जेथे कष्ट पडतात, तेथे ती कपाटात कुलुपबंद असण्यापेक्षा मुलांच्या हाताशी असणे चांगले. तोंडावर मातीची जाळी बसविता येते. सुरगुजा, म्हणजे आता छत्तीसगड, येथील सोनाबाई रजवार यांनी बांबूच्या कामट्यांवर माती थापून ज्या जाळ्या आपल्या घरात घडविल्या, त्या जगभर वाखाणल्या गेल्या. तिच्या मागे मंद दिवा लावला की भिंतीवर सावल्यांची नक्षी उमटते.

त्या पोकळीत विजेचा हीटर ठेवावयाचा असेल, तर तारेकडे लक्ष द्यावे. दोन हजार वॅटचा हीटर सुमारे ९ अँपिअर प्रवाह ओढतो; पंख्या-दिव्याच्या ६ अँपिअरच्या जोडणीवर तो चालवू नये. १६ अँपिअरची स्वतंत्र जोडणी घ्यावी. तासाला दोन युनिटे जळतील, तो हिशेबही आधी करावा.

भाड्याच्या वा सरकारी घरातील वाचक म्हणतील, आम्ही कशाला खर्च करावा? प्रश्न रास्त आहे. तात्या टोपे नगरातील जुनी क्वार्टरे स्मार्ट सिटीसाठी पडली, तेव्हा कित्येकांनी हौसेने केलेले ओटे व कोनाडे ढिगाऱ्यात गेले. अशांनी साफसफाई, चुना आणि उचलून नेता येईल अशी फळी व जाळी एवढ्यावरच थांबावे. स्वतःचे घर असलेल्यांनी कामाचा क्रम असा ठेवावा : आश्विनात धुरांडे, मग दरजा, मग फरशी, शेवटी फळी व चित्र. पैसा अपुरा पडला, तर शेवटचे पुढच्या वर्षावर टाकावे. पहिले कधीच टाकू नये.

विस्तव असो वा नसो, संध्याकाळी घरातली माणसे त्या भिंतीसमोर येऊन बसली पाहिजेत. परप्रांतात आपली भाषा शाळेत मिळत नाही, बाजारात मिळत नाही. ती मिळते ती अशाच बैठकीत, आजोबांच्या गोष्टीत आणि आत्याच्या थट्टेत. म्हणून शेवटची सूचना एवढीच, की खुर्च्यांची मांडणी टेलिव्हिजनकडे तोंड करून नसावी. त्या एकमेकींकडे वळवाव्यात आणि मध्ये ऐसपैस सतरंजी अंथरावी.

पुढील अंकी जुन्या घरांतील फडताळे व कोनाडे यांविषयी.