सायलीत परका कोण?

मुंबईत बसून परप्रांतीयांवर तावातावाने बोलणाऱ्या मराठी माणसाने एकदा सिल्वासाजवळच्या सायलीत येऊन राहावे. इथे परप्रांतीय तोच असतो. 2 ऑगस्ट 1954 ला सिल्वासा पोर्तुगीजांच्या तावडीतून सुटले. त्या लढ्यात सुधीर फडके, बाबासाहेब पुरंदरे होते, याचा मलाही अभिमान आहे. पण तेवढ्याने ही जमीन आपली होत नाही. ती वारली, कोकणा, धोडिया आदिवासींची. आणि आज आपल्याच गावात उपरे ठरत आहेत तेच.

1991 च्या जनगणनेत सिल्वासासह साऱ्या दादरा-नगर हवेलीत 1,38,477 माणसे होती, त्यांत शंभरातले 79 आदिवासी. करसवलतींनी कारखाने आणले, कारखान्यांनी कामगार. 2011 मध्ये लोकसंख्या 3,43,709 झाली आणि आदिवासी शंभरात 52 राहिले. याच वीस वर्षांत हजार पुरुषांमागे स्त्रिया 952 वरून 774 वर आल्या. उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशातून आलेले पुरुष बहुतेक एकटे आले, हे त्याचे मोठे कारण. बायका-मुले गावी. इथे चाळीतली एक खोली पाच-सहा जणांत. दिवसपाळीवाला उठून गेला की रात्रपाळीवाला त्याच गादीवर आडवा होतो. वर्षानुवर्षे असे जगणाऱ्याला आपण ‘बाहेरचे लोंढे’ म्हणतो, याची मला लाज वाटते.

‘स्थानिक पोरे टिकत नाहीत, लावणीला-लग्नाला दांडी मारतात,’ हे ठेकेदारांचे ठरलेले उत्तर. खरी गोष्ट अशी की, ज्याचे घर हाकेच्या अंतरावर आहे तो बारा तासांच्या पाळीला नाही म्हणू शकतो. ज्याचे घर दोन दिवसांच्या रेल्वेप्रवासावर आहे, खोलीही ठेकेदाराचीच आहे, तो नाही म्हणत नाही. ठेकेदाराला हा दुसराच हवा असतो. मग पाड्यावरचा म्हणतो, भैयांनी नोकऱ्या खाल्ल्या. चाळीतला म्हणतो, आदिवासी आळशी. सीमेपलीकडे जव्हार-मोखाड्याचे वारली वीटभट्ट्यांवर जातात, तेव्हा तिथे तेही कुणाचे तरी ‘बाहेरचे’च असतात.

आंतरराज्य स्थलांतरित कामगारांसाठी 1979 मध्ये कायदा झाला. फोटो लावलेले पासबुक, विस्थापन भत्ता, प्रवासखर्च, सारे त्यात लिहिलेले होते. असे पासबुक हातात पडलेला कामगार मला अजून भेटलेला नाही. जादा तासांना दुप्पट मजुरी ही तरतूद तर 1948 च्या कारखाने कायद्यातलीच. माझी मागणी तिथूनच सुरू होते: प्रशासनाने सायलीच्या प्रत्येक कारखान्यात जादा तासांचे हिशेब तपासावेत. दुप्पट पैसे मोजावे लागले की बारा तासांच्या दोन पाळ्या परवडणार नाहीत, आठ तासांच्या तीन लावाव्या लागतील. तिसऱ्या पाळीला माणसे लागतील. त्या जागांवर पहिला हक्क पाड्यावरच्या पोरापोरींचा असावा, आणि त्यासाठी चाळीतल्या एकालाही गावी धाडण्याची गरज नाही.